भातखाचरातले सामन

कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोहून डेव्हिसकडे येताना हमरस्ता जवळजवळ पाच किलोमीटर पुलावरून जातो. उन्हाळ्यात खाली भात, टोमॅटो, करडई. पाणी औषधालाही नाही. नवखा माणूस हमखास विचारतो, एवढा पूल बांधलाय कशावर? धो धो पावसाच्या वर्षी जानेवारीत त्याला उत्तर मिळतं. नजर जाईल तिथवर गढूळ पाणी आणि मधूनच वर आलेले झाडांचे शेंडे. हा योलो बायपास, 59,000 एकरांचा सखल पट्टा. सॅक्रामेंटो नदीचा पूर शहराला बगल देऊन पुढे जावा म्हणून तो मोकळा ठेवला आहे.

हे शहाणपण सहज आलेलं नाही. 1862 च्या जानेवारीत सॅक्रामेंटो शहर असं बुडालं, की नवे गव्हर्नर लेलंड स्टॅनफर्ड शपथविधीला होडीतून गेले. पुढच्या काही दशकांत नदीच्या दोन्ही काठांनी उंच मातीचे बांध उभे राहिले, काही ठिकाणी पाणी बाजूला काढायची सोय झाली, आणि माणसं निर्धास्त झाली. पण सेंट्रल व्हॅलीतली सुमारे 95 टक्के पूरजमीन नदीपासून तुटली आणि मासे उपाशी पडले.

हे मासे म्हणजे चिनूक सामन. वरच्या अंगाला थंड पाण्यातल्या वाळूगोट्यांत त्यांचा जन्म, मग समुद्र, आणि दोन ते चार वर्षांनी अंडी घालायला पुन्हा त्याच नदीत. 1945 मध्ये पुऱ्या झालेल्या शास्ता धरणानं त्यांची वरची वाट कायमची अडवली. पिल्लं हिवाळ्यात आणि वसंतात खाली उतरतात. पूर्वी नेमक्या त्याच दिवसांत नदी काठ सोडून पसरायची, आणि तिच्याबरोबर पिल्लंही पाण्याखालच्या गवतात शिरायची.

कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. मृगाचा पाऊस कोसळला की मासे ओढ्याच्या उलट्या धारेनं भातशेतांत चढतात. रायगडाकडे त्यांना वळगणीचे मासे म्हणतात, तळकोकणात चढणीचे. तिथे गाभोळीने भरलेले मासे अंडी घालायला येतात, इथे बोटुकली पोट भरायला यायची. शेत दोघांनाही हवं असतं.

इथल्या शेतकऱ्यांनी कापणीनंतर पेंढा जाळण्यावर 1991 च्या कायद्यानं बंधन आणलं. तेव्हापासून पेंढा कुजावा म्हणून ते हिवाळ्यात खाचरं पाण्यानं भरून ठेवतात. बदकं आणि हंस लगेच आले. मग मासे का नाहीत, असं विचारणारी माणसंही निघाली. 2012 च्या हिवाळ्यात डेव्हिसचं विद्यापीठ, कॅलिफोर्निया ट्राउट ही संस्था आणि राज्याचं जलसंपदा खातं यांनी वुडलंडजवळच्या नॅग्ज रँचमधल्या भरलेल्या खाचरांत सामनची पिल्लं सोडली.

ते काम मी फेब्रुवारीच्या गारठ्यात बांधावर उभं राहून पाहिलं आहे. छातीपर्यंत रबरी पोशाख चढवलेली पोरं गुडघाभर पाण्यात एक छोटीशी रापण ओढत येतात. पाय चिखलात रुततो, धसकटांत जाळं अडकतं. मासे बादलीत, बादलीतून गुंगीच्या पाण्यात, तिथून एकेक मोजपट्टीवर. लांबी, वजन, पुन्हा स्वच्छ पाण्याची बादली. बोटाएवढा मासा, अंगावर काळसर उभे पट्टे, पोट टरटरून फुगलेलं. कुणी बोलत नाही, फक्त आकडे सांगितले जातात. माणसाच्या हातात मासा राहतो तो क्षणभर, आणि त्या क्षणाची काळजी घेणारे हात पाहून मला फार बरं वाटलं.

पोट कशानं भरलंय हे पाहायचं तर काचेची एक बरणी पुरते. नदीचं पाणी बरणीत घेऊन उजेडाकडे धरलं, तर थोडी माती सोडून काहीच दिसत नाही. खाचराचं पाणी घेतलं तर बरणी जिवंत असते. डॅफ्निया नावाचे पाणपिसू झटके देत वरखाली करतात, त्यांच्यामध्ये त्यांच्याहून बारीक कोपेपॉड. ही किमया उथळपणाची आहे. पाणी पसरलं की ऊन तळापर्यंत पोचतं, कुजणाऱ्या पेंढ्यावर जिवाणू वाढतात, त्यांच्यावर हे जीव. त्याला दोन-तीन आठवडे लागतात. दोन बांधांमधून थंड, वेगानं वाहणाऱ्या नदीला तेवढी उसंतच नसते. नॅग्ज रँचच्या खाचरांत पिल्लं दिवसाला जवळजवळ एक मिलिमीटर वाढली, नदीतल्या भावंडांच्या कितीतरी पुढे. समुद्रात शिरताना मासा जितका मोठा, तितकी त्याची जगण्याची शक्यता जास्त.

बगळे अर्थात टपलेले असतात. मार्चच्या उन्हात पाणी फार तापण्याचीही धास्ती असते. तरी सगळ्यात अवघड प्रश्न निराळाच होता. प्रयोगातले मासे बादलीतून आणले होते, रानटी मासे इथे येणार कसे?

बायपासच्या वरच्या टोकाला, नदीच्या काठानं, फ्रीमाँट वेअर नावाची बुटकी काँक्रीटची भिंत आहे, सुमारे तीन किलोमीटर लांब, 1924 ची. नदी तिच्यावरून ओसंडली तरच पाणी आत येतं, आणि काही वर्षी ते येतच नाही. पूर ओसरला की उलट संकट. बायपासमधून वर चढत आलेले मोठे सामन आणि माणसाहून लांब स्टर्जन मासे भिंतीच्या पायथ्याशी डबक्यांत अडकतात. मग राज्याच्या मत्स्य खात्याची माणसं त्यांना झोळ्यांत घालून नदीत पोचवतात. आता या भिंतीत खोल खाच पाडून दारं बसवली आहेत. काम 2022 मध्ये सुरू झालं. नदीची पातळी भिंतीच्या माथ्याखाली असतानाही सेकंदाला 6,000 घनफुटांपर्यंत पाणी, आणि त्याबरोबर पिल्लं, आत यावीत ही योजना. खारबंदिस्तीची उघाडी पाहिलेल्याला ती चटकन कळेल.

बांधांच्या पलीकडच्या, मासे पोचूच शकत नाहीत अशा शेतांसाठी दुसरी युक्ती आहे. तिथे पाणी काही आठवडे साठवून ठेवतात आणि त्यात वाढलेल्या बारीक जीवांसकट नदीत सोडतात.

उपयोग झाला की नाही हे परतलेल्या माशाचा डोळा सांगतो. डोळ्याचं भिंग कांद्यासारखं पापुद्र्यापापुद्र्यानं वाढतं, आणि पूरजमिनीवरच्या खाण्यातल्या गंधकाची खूण त्या त्या पापुद्र्यात राहते. मेलेल्या माशाचं भिंग सोलून त्याचं बालपण शेतात गेलं की नदीत, हे वाचता येतं.

घाई करण्याचं कारण आहे. सामन इतके घटले, की 2023 आणि 2024 मध्ये कॅलिफोर्नियात त्यांची समुद्रातली मासेमारी पूर्ण बंद ठेवावी लागली. तरीही दारांतून जास्तीचं पाणी सोडायचं ते 1 नोव्हेंबर ते 15 मार्च एवढंच. शेतं वेळेवर वाळली पाहिजेत, कारण वसंतात मशागत, मग पुन्हा पाणी, आणि भिजवलेल्या बियाण्याची विमानातून पेरणी. शेतकऱ्याची ही अडचण खरी आहे. पण मार्चअखेर आणि एप्रिलमध्येही पिल्लं नदीतून उतरत असतात, आणि दार तेव्हा बंद असतं. ओल्या वर्षी ते आणखी दोन-तीन आठवडे उघडं ठेवावं आणि हुकलेल्या पेरणीची भरपाई सरकारनं शेतकऱ्याला रोख द्यावी, असं मला ठामपणे वाटतं. धरणं आणि बांध सगळ्यांच्या पैशांतून झाले. माशांची वाट मोकळी करायचा खर्च एकट्या भातवाल्याच्या माथी का?