रांगेचे गणित आणि अंदाजाचे मोल

दहा खिडक्या आणि प्रत्येकीसमोर शून्य ते नऊ माणसे, एवढ्याच मांडणीच्या संभाव्य अवस्था एक हजार कोटी होतात. सेकंदाला एक या गतीने त्या नुसत्या लिहावयाच्या म्हटल्या तरी तीनशेहून अधिक वर्षे लागतील! कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत असताना एर्लांग यांनी १९०९ मध्ये या शास्त्राचा पाया घातला. पण रांगांचे जाळे झाले की मार्कोव्ह-साखळी बहुधा आवाक्याबाहेर जाते. मग अंदाजाला शरण जाणे आलेच.

वाट दाखविली ती, गंमत अशी की, अर्थशास्त्राने. ज्या गटांचे अंतर्गत व्यवहार दाट आणि परस्परांतील विरळ, ते आधी सुटे सोडवावेत व नंतर प्रत्येक गट ही एकच अवस्था मानून जोडावेत, असे हर्बर्ट सायमन व अल्बर्ट अँडो यांनी १९६१ साली मांडले. कुर्त्वा यांच्या १९७७ च्या ग्रंथाने हीच रीत संगणकातील रांगांना लावली. दुवे जितके दुबळे, तितकी चूक लहान.

परंतु दुवे खरोखर दुबळे आहेत काय, हे तपासतो कोण? या खिडकीवरून त्या खिडकीकडे धाडण्याचाच जेथे शिरस्ता, त्या कचेरीला हे गृहीतक लागू पडत नाही. तेथे अशा हिशेबावरून खिडक्यांची संख्या ठरविली, तर चुकीची भरपाई रांगेतल्या माणसाला उभे राहूनच करावी लागते.