विकरांना लगाम : वालापासून रोहिणीपर्यंत

इंदूर हे दुर्गाबाई भागवतांचं जन्मगाव, हे इथल्या मराठी माणसाला सांगावं लागत नाही. त्यांच्या धाकट्या बहिणीचा, कमला सोहोनींचा, जन्मही इथलाच. हृदयविकाराच्या संशोधनाचा मागोवा घेताना मला आधी कमलाताईच आठवतात.

१९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवून त्या भारतात परतल्या आणि पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवू लागल्या. १९५० च्या दशकात त्यांच्या प्रयोगशाळेत कडधान्यांवर काम चालू होतं. कच्च्या वालात एक प्रथिन असतं. ट्रिप्सिन या आपल्या आतड्यातल्या, प्रथिनं तोडणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, ते अडवून धरतं. वाल भिजवून, मोड आणून, चांगले शिजवले की हा अडसर बराचसा जातो. कमलाताईंनी हृदयावर काम केलं नाही. पण तोडणारं विकर आणि त्याला आवरणारा पदार्थ, या जोडीभोवतीच पुढे हृदयविकाराचा एक मोठा प्रश्न फिरत राहिला.

त्या काळी हार्ट अटॅक म्हणजे चरबी साचत साचत रोहिणी बंद होणं, असंच बहुतेकांना वाटे. १९८० च्या दशकात लंडनचे मायकेल डेव्हिस यांच्यासारख्या विकृतिशास्त्रज्ञांनी मृतांच्या हृदयरोहिण्या बारकाईने तपासल्या. बहुतेकदा चरबीच्या थरावरचं आवरण फाटलेलं होतं आणि त्या फटीवर रक्ताची गुठळी बसलेली होती. हे आवरण कोलॅजेनच्या तंतूंचं असतं. धोकादायक थरांमध्ये ते ६५ मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे साधारण केसापेक्षाही, पातळ झालेलं आढळतं.

मग ते झिजवतं कोण? उत्तराचा धागा १९६२ मध्येच हाती आला होता, तोही बेडकाच्या पिल्लाकडून. पिल्लाचा बेडूक होताना शेपटी विरघळते कशी, हे शोधताना बोस्टनमध्ये जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांनी शेपटीचे तुकडे कोलॅजेनच्या थरावर ठेवले. तुकड्यांभोवतीचं कोलॅजेन विरघळलं. कोलॅजेन कापणारं विकर असं सापडलं. १९९४ मध्ये झोरिना गॅलिस, पीटर लिबी आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या रोहिणीतल्या थराचे पातळ काप घेऊन त्यांवर चमकणाऱ्या जिलेटिनचा लेप दिला. जिथे विकर काम करत होतं तिथे चमक जाऊन काळे डाग पडले. हे डाग नेमके आवरणाच्या कडांशी, जिथे ते फाटण्याची शक्यता जास्त, तिथे ठळक होते. तिथे जमलेल्या भक्षक पेशी हीच विकरं सोडतात. त्यांना आवरणारी प्रथिनंही शरीर तयार करतं. पण दाह वाढला की तोल सुटतो.

मग विकर अडवा, झटका टळेल, हा विचार साहजिकच होता. तो फसला. ही विकरं अडवणाऱ्या डॉक्सिसायक्लिनच्या कमी मात्रेची एक लहान चाचणी २००४ मध्ये झाली. रक्तातली दाहाची खूण उतरली, पण रुग्णांच्या झटक्यांत फरक दिसला नाही. थरात सापडणारी, फॉस्फोलायपेज गटातली विकरं अडवणारी औषधंही आली. व्हॅरेस्प्लाडिब घेणाऱ्यांत झटके उलट वाढले. डॅराप्लाडिबची १५ हजारांहून अधिक रुग्णांवरची चाचणी २०१४ मध्ये निष्फळ ठरली. थरात हजर असलेलं प्रत्येक विकर गुन्हेगार नसतं, हे समजायला फार मोठी किंमत मोजावी लागली.

यश मिळालं ते दुसऱ्याच विकराला लगाम घालून. यकृतात कोलेस्टेरॉल बनवणारं विकर अडवणारा पदार्थ जपानच्या अकिरा एंडो यांना १९७३ मध्ये एका बुरशीत सापडला. त्यातूनच स्टॅटिनची वाट खुली झाली. स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ रुग्णांवरच्या चाचणीत मृत्यू ३० टक्क्यांनी घटले, हे जाहीर झालं तेही १९९४ मध्येच. रक्तातली चरबी उतरली की थरातल्या भक्षक पेशी कमी होतात आणि आवरण जाड होऊ लागतं. आता रोहिणीत प्रकाशकिरण सोडून ते मोजताही येतं.

म्हणूनच माझी इंदूरकरांना कळकळीची विनंती आहे: तपासणीत कोलेस्टेरॉल 'नॉर्मल' आलं म्हणून डॉक्टरांना न विचारता स्टॅटिनची गोळी सोडू नका. आणि छातीत दाब जाणवून घाम सुटला, तर अ‍ॅसिडिटी समजून ओवा चघळत बसू नका. तडक रुग्णालय गाठा आणि ईसीजी काढून घ्या.