पंद: कोथिंबिरीची डोंगरावरची बहीण

या भागाचं हे लिखित रूप. लोकलच्या गर्दीत इअरफोनमधून अर्धंच ऐकू आलं असेल, तर आता निवांत वाचा.

आज एका फुलाबद्दल बोलू. सध्या ट्रेकला जाणाऱ्यांच्या फोटोंमध्ये ते हमखास असतं, पण नाव विचारलं की सगळे गप्प. पावसाळ्यात हिरव्यागार उतारावर पांढऱ्या छत्र्या उघडल्यासारखी फुलं दिसतात ना? तेच. मराठीत त्याला पंद म्हणतात आणि शास्त्रीय नाव आहे पिंडा कोंकानेन्सिस.

मसाल्याच्या डब्यातलं घराणं

पंद गाजराच्या कुळातला. धणे, जिरे, बडीशेप, ओवा, शेपू, हिंग हे सगळे याच कुळातले. म्हणजे त्याचे निम्मे नातेवाईक आपल्या स्वयंपाकघरात आहेत!

घरच्या कुंडीतली कोथिंबीर फुलावर आली की जरा निरखून बघा. एका टोकातून छत्रीच्या काड्यांसारखे देठ फुटतात आणि प्रत्येक काडीवर पुन्हा एक छोटी छत्री असते. पंदाचं तसंच, फक्त सगळं मोठं आणि ठसठशीत. कडेच्या फुलांच्या बाहेरच्या पाकळ्या आतल्यांपेक्षा मोठ्या असतात. एकेकटं फूल इवलंसं, पण सगळी मिळून एक मोठा पांढरा फलक तयार होतो. तो कीटकांना लांबून दिसतो आणि त्यांना बसायलाही सपाट जागा मिळते.

बी सुद्धा नात्यातलंच. धणे पेरण्याआधी आपण ते रगडून दोन भाग करतो. पंदाचं फळ वाळलं की त्याचेही दोन भाग होतात, मात्र ते चपटे आणि कडेला पातळ पंख असलेले.

जमिनीखालचं खातं

उन्हाळ्यात त्याच उतारावर गेलात तर पंद दिसणारच नाही. वरचा सगळा भाग वाळून जातो आणि जमिनीखाली मूळ अन्न साठवून पडून राहतं. पाऊस आला की त्या साठ्यावर पानं येतात, साधारण श्रावण-भाद्रपदात फुलं आणि मग बी. वर्षभराचा सगळा कारभार या थोड्या महिन्यांत उरकायचा! म्हणून रील्ससाठी तोडलेली एक छत्री म्हणजे त्या झाडाचं त्या वर्षीचं बरंचसं बी गेलं, असं समजा.

पत्ता एकच

निकोल डाल्झेल या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५० मध्ये या वनस्पतीचं शास्त्रीय वर्णन केलं. त्याने तिला हेराक्लियम या मोठ्या प्रजातीत बसवलं आणि नावात कोकण घातलं. पुढे १९८६ मध्ये मुखर्जी आणि कॉन्स्टन्स या अभ्यासकांनी तिच्यासाठी पिंडा ही वेगळी प्रजाती केली.

आता महत्त्वाचं. पंद प्रदेशनिष्ठ आहे. पश्चिम घाटाचा उत्तरेकडचा पट्टा सोडला तर तो जगात कुठेही आपोआप उगवत नाही. कासचं पठार, सिंहगड, लोणावळा-खंडाळ्याचे डोंगर हेच त्याचं जग. चिंचवड किंवा आकुर्डीला लोकल पकडून गुरुवारच्या सुट्टीत जिथे पोचता येतं, तिथे. उद्या हे उतार प्लॉटिंगमध्ये गेले किंवा गाड्यांखाली तुडवले गेले, तर बी मागवायला दुसरा देश नाही.

चव घेऊन बघू का?

अजिबात नको! सॉक्रेटिसला इ.स.पू. ३९९ मध्ये ज्या हेमलॉकचं विष देण्यात आलं, तेही गाजराच्याच कुळातलं. तिथेही अशाच पांढऱ्या छत्र्या. या कुळात जेवणातलं आणि जीवघेणं एकमेकांसारखं दिसतं. फोनमधल्या ॲपने नाव सांगितलं म्हणून रानातलं पान तोंडात टाकू नका. ॲप फोटो जुळवतं, विषाची परीक्षा करत नाही.

फोटो मात्र भरपूर काढा. छत्रीचा वरून एक, पानाचा एक आणि फळ आलं असेल तर त्याचाही एक. ओळख पटवताना कुठल्याही जाणकाराला या तिन्हींचा उपयोग होतो. आणि पायवाट सोडू नका.

यंदा पंद दिसला तर ट्रेकच्या ग्रुपवर त्याचं नाव टाका. पुढच्या भागात भेटूच!