भोसल्यांनी कुणाकुणाला दिले?

रामेश्वर-कन्याकुमारीच्या यात्रेत तंजावरच्या वाट्याला फार तर दीड-दोन तास येतात. मोठ्या देवळात दर्शन, नंदीपुढे फोटो, मान डोलावणारी एखादी बाहुली, की बस मदुराईच्या रस्त्याला लागते. मराठी माणसाने तरी असे करू नये. शहाजीराजांचे चिरंजीव, शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी १६७६च्या सुमारास इथल्या गादीवर बसले. १८५५ साली शेवटचा राजा पुत्राविना वारला आणि गादी संपली. पुण्याची पेशवाई जेवढी चालली त्याहून कितीतरी जास्त काळ तमिळ मुलखात भोसल्यांचे घराणे नांदले.

या घराण्याचा दरबार मराठीत बोलायचा, कविता बरीचशी तेलुगूत करायचा आणि राज्य तमिळ रयतेवर करायचा. घराणे परके, भाषा परकी. मग त्यांनी इथे पाय रोवले कसे? तलवारीने गादी मिळते, टिकते मात्र दुसऱ्याच कशाने तरी. ते दुसरे म्हणजे दानधर्म, असे मला पुष्कळ दिवस वाटत होते. ताई, भावोजी आणि भाचीला घेऊन तंजावर ते नागोर असा दिवसभराचा बेत आखला तो त्यासाठीच.

मोठ्या देवळात सकाळी लवकर जावे. उन्हे चढली की अंगणातला दगड असा तापतो की काथ्याच्या पट्ट्यांवरून उड्या मारत चालावे लागते. राजराज चोळाने बांधलेले हे राजराजेश्वर देऊळ १०१० साली पुरे झाले. कावेरीचा हा सगळा गाळाचा मुलूख, हाताशी दगड नाही. तरी इथे तेरा मजल्यांचे, दोनशे फुटांहून उंच ग्रॅनाइटचे शिखर उभे राहिले. शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असे गाइड सांगतात. भावोजी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी काही न बोलता बोट दाखवले. आठच्या उन्हात शिखराची सावली अंगणात चांगली ऐसपैस पसरली होती. माथ्यावरचा ऐंशी टनांचा एकसंध दगडही असाच. तो अनेक तुकडे जोडून घडवला आहे, असे स्थापत्याचे अभ्यासक सांगतात. आणि ज्या नंदीपुढे सगळे फोटो काढतात तो चोळांचा नव्हे, नंतरच्या नायक राजांच्या काळातला.

मला जास्त नवल वाटते ते देवळाच्या जोत्यावरच्या लेखांचे. आपण काय दिले, थोरल्या बहिणीने काय दिले, राण्यांनी काय दिले, हे सारे दगडावर कोरून ठेवा, असा राजराजाचा हुकूम होता आणि तो अक्षरशः पाळला गेला. दागिन्यांचे वजन आहे, दिव्याच्या तुपासाठी सोडलेल्या जनावरांचा हिशेब आहे. नाचणाऱ्या चारशे स्त्रियांची नावे आहेत, कुठल्या देवळातून आणल्या, कुठल्या आळीत घर दिले, तेही आहे. वर्षाला प्रत्येकीला शंभर कलम (धान्याचे जुने माप) भात. सरकारी दप्तरच ते, फक्त दगडाचे.

याच आवारात नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात मराठी आहे. गाइड सहसा तिकडे नेत नाहीत. ओवरीतल्या भिंतीवर हाताच्या उंचीपासून डोक्याच्या वरपर्यंत ओळींमागून ओळी देवनागरीत कोरलेल्या आहेत. हा भोसले वंशाचा इतिहास. सरफोजीराजांनी (दुसरे) १८०३ साली तो आपल्या चिटणिसाकडून लिहवून घेतला. जगातल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना करतात. अक्षर नेटके आहे, पण शब्द तोडलेले नाहीत, सलग लिहीत गेले आहेत. भाची मोबाइलचा उजेड तिरपा धरून अडखळत वाचू लागली. मालोजी, विठोजी, शहाजी ही नावे लागली तशी ती थांबली आणि म्हणाली, “मावशी, हे तर शाळेतलं पुस्तक झालं.” शेजारून जाणारी तमिळ कुटुंबे आमच्याकडे कुतूहलाने बघत होती. भिंत वाचणारी माणसे त्यांना रोज दिसत नसावीत.

या लेखाचे साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. १७९९च्या तहाने सरफोजींनी सगळा कारभार इंग्रजांच्या कंपनीच्या हवाली केला होता. हाती उरला किल्ला, वाडा, तनखा आणि मान. चार वर्षांनी त्यांनी भिंतीवर घराण्याचा इतिहास कोरायला घेतला. राजराजाने आपण काय दिले ते लिहवले, सरफोजींनी आपण कोण ते लिहवले. राज्य गेलेल्या राजाला हेच सांगायची गरज जास्त वाटली असणार. पण जागा निवडली ती चोळांच्या देवळाची. आठशे वर्षांपूर्वीच्या राजाशी तमिळ लोकांसमोर नाते जोडायचे, तर याहून चांगला दगड कुठला?

देवळाला लागूनच शिवगंगा तळे आहे. तळ्याच्या बागेशेजारी एक बसके, पांढरे चर्च आहे, १७७९चे. दार बंद होते. रखवालदाराने किल्ली आणेपर्यंत ताईने सावलीत बसून चकलीचा डबा उघडला. आत साधा दिवाणखाना वाटावा अशी खोली, बाके आणि एका भिंतीवर संगमरवरी उठावचित्र. पलंगावर एक म्हातारा पाद्री शेवटच्या घटका मोजतो आहे. पगडी घातलेला तरुण राजा त्याचा हात हातात घेऊन उभा आहे. आसपास माणसे आणि शाळेतली मुले. हे काम जॉन फ्लॅक्समन या नामांकित इंग्रज शिल्पकाराचे. ते करवून घेतले सरफोजींनी. खाली पाद्र्यावर इंग्रजीत कविता आहे, तीही राजाच्या नावाची.

पाद्र्याचे नाव ख्रिस्तिआन फ्रीडरिख श्वार्ट्झ, जर्मन लुथरन मिशनरी. १७५०मध्ये तो डॅनिश लोकांच्या तरंगमबाडी बंदरात उतरला आणि पुन्हा मायदेशी गेला नाही. कंपनीने त्याला वकील म्हणून हैदरअलीकडेही धाडले होते. १७८७मध्ये तुळजाजीराजे मरणपंथाला लागले. त्यांनी दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले आणि मुलाला या परधर्मी माणसाच्या ओटीत घातले. गादी मात्र बळकावली चुलते अमरसिंहांनी. मुलाचे हाल होऊ लागले तेव्हा श्वार्ट्झने त्याला मद्रासला हलवायची व्यवस्था केली. तिथे तो इंग्रजी, गणित, विज्ञान शिकला. त्याचा दावा खरा आहे हेही श्वार्ट्झने कंपनीच्या गळी उतरवले. फेब्रुवारी १७९८मध्ये श्वार्ट्झ वारला. सरफोजी त्याच वर्षी नंतर गादीवर बसले, म्हणजे गुरूला तो सोहळा दिसला नाही.

“एवढं करून बाटवलं नाही?” ताईचा थेट प्रश्न. नाही बाटवले. सरफोजी आयुष्यभर शिवभक्त राहिले, पुढे मोठा लवाजमा घेऊन काशीयात्रा करून आले. त्यांच्याबरोबर श्वार्ट्झपाशी शिकलेले वेदनायगम शास्त्री मात्र ख्रिस्ती होते. तमिळमधले ते मोठे ख्रिस्ती कवी ठरले आणि या हिंदू राजाच्या दरबारी राहिले. पण भावोजींनी काढलेला मुद्दाही खोटा नव्हे. “पाद्र्याने मुलगा वाचवला खरा, पण कंपनीला घरात आणूनच की!” श्वार्ट्झच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण मला दिसत नाही. तरी कंपनीने बसवलेल्या राजाला दीड वर्षाच्या आत कंपनीच्याच कागदावर सही करावी लागली, हे त्या संगमरवराकडे बघताना विसरून चालत नाही.

दुपारी गाभारे बंद असतात, तो वेळ वाड्यातल्या सरस्वती महालात घालवावा. या ग्रंथालयात तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत. व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनी लिहिलेली मराठी नाटके इथलीच. मराठी रंगभूमीचा आरंभ मानतात त्या विष्णुदास भाव्यांच्या १८४३च्या सांगलीतल्या प्रयोगाआधी जवळजवळ दीडशे वर्षे.

गावात पश्चिमेच्या राजरस्त्यावर बंगारु कामाक्षीचे देऊळ आहे. सोन्याची ही देवी मूळ कांचीची. आक्रमणांच्या भीतीने पुजाऱ्यांनी ती गावोगाव लपवत दक्षिणेला आणली. हैदरअलीच्या धामधुमीत, १७८१च्या सुमारास, तंजावरच्या तुळजाजीराजांनी तिला कायमचा आसरा दिला. कर्नाटक संगीतातले थोर वाग्गेयकार श्यामा शास्त्री हे याच देवीच्या पुजाऱ्यांच्या घरचे.

तिथून नागोरच्या रस्त्याला लागले की पाच-सहा किलोमीटरवर पुन्नैनल्लूरची मारीअम्मा लागते. ही कहाणी खास व्यंकोजींची. राजे समयपुरमच्या देवीला गेले असता ती स्वप्नात आली आणि म्हणाली, मी तुझ्या गावाजवळ पुन्नाग वृक्षांच्या रानात आहे. राजांनी रान शोधले, देऊळ बांधले. मूर्ती वारुळाच्या मातीची, म्हणून तिला पाण्याचा अभिषेक नाही, जवादी मांजराचा सुगंधी तेलकट लेप लावतात. दारात कडुलिंबाचे ढीग, नवसाची बकऱ्या-कोंबड्यांची वर्दळ आणि बाळाला कडेवर घेतलेल्या बायका. ताईला इथे घरच्यासारखे वाटले. आमच्या गावची मरीआई हिचीच बहीण, असे तिने जाहीर करून टाकले. देवळाबाहेरच्या बाईकडून लिंबांची माळ घेताना दोघींचे बोलणे दहा मिनिटे चालले, एकीचे मराठीत, दुसरीचे तमिळमध्ये.

राजाला समयपुरमला जावे लागू नये, देवीच राजधानीजवळ यावी, हे स्वप्न मला राजकीयदृष्ट्याही सोयीचे वाटते. नव्याने आलेल्या राजाला मुलखातली देवी स्वतःहून हाक मारते, याहून मोठी सनद कुठल्या बादशहाकडून मिळाली असती?

नागोर अजून ऐंशी किलोमीटर. वाटेत तिरुवारूर. तिथल्या त्यागराज देवळाचे आवार एकट्यानेच एक दिवस मागते, म्हणून बाहेरूनच नमस्कार करून पुढे निघालो. आमचा ड्रायव्हर, ज्याला सगळेच अण्णा म्हणत होतो, नागपट्टिणमकडचा. तो हिंदू. त्याचे आणि त्याच्या दोन्ही मुलांचे जावळ नागोरच्या दर्ग्यात काढलेले. “आमच्याकडे तसंच असतं,” एवढेच त्याचे स्पष्टीकरण.

नागोरला सोळाव्या शतकातले सूफी संत शाहुल हमीद यांची कबर आहे. दर्ग्याचे पाच मनोरे लांबूनच दिसतात. त्यांतला सर्वांत उंच, १३१ फुटी मनोरा तंजावरच्या प्रतापसिंह भोसल्यांनी बांधवला. राजाने मुलासाठी नवस बोलला आणि तो फळला म्हणून मनोरा उभारला, अशी इथली परंपरा. पुढे तुळजाजींनीही दर्ग्याला जमिनी दिल्या. आत गेलात तर दिसेल ते कुठल्याही नवसाच्या जागी दिसते तेच: मुंडन केलेली पोरे, चांदीच्या पत्र्याचे हात, पाय, डोळे, घरे, दिव्याच्या तेलाच्या बाटल्या. मोरपिसांचा झाडू डोक्यावर टेकवून घ्यायला भावोजी रांगेत उभे राहिले. एरवी ते देवळातही हात जोडायला बाहेरच उभे राहणारे.

दिवसभर पाहिले ते सगळे ‘सर्वधर्मसमभाव’ या खात्यात टाकणे सोपे आहे. मला ते पटत नाही. प्रतापसिंहांना मूल हवे होते, तुळजाजींना दत्तकाचा सांभाळ करणारा भरवशाचा माणूस हवा होता, व्यंकोजींना मुलखाची मान्यता हवी होती. प्रत्येक दानामागे गरज आहे, भीती आहे, कृतज्ञता आहे. ज्या दारी गुण येतो त्या दारी द्यायचे, हा त्यांचा हिशेब आणि रयतेचाही तोच. त्यांच्या मनात धर्माच्या तशा भिंती नव्हत्या असेही नव्हे. पण त्या भिंतींना दारे होती आणि ती रोजच्या वापरात होती. समभावाच्या भाषणापेक्षा हे मला जास्त टिकाऊ वाटते, कारण राज्य जाऊनही ते चालूच राहिले. मोठे देऊळ, पुन्नैनल्लूर, बंगारु कामाक्षी धरून ८८ देवळांच्या राजवाडा देवस्थानाचे वंशपरंपरागत विश्वस्तपद आजही भोसले घराण्याकडे आहे.

या दानांचा खरा हिशेब मात्र दगडावर नाही, मोडी कागदांत आहे. दरबाराच्या दप्तराचे शेकडो रुमाल तंजावरात आहेत. कुठल्या सणाला कुणाला किती तांदूळ, कुठल्या छत्राला (धर्मशाळेला) किती पैसे, असल्या नोंदी त्यांत भरलेल्या आहेत. त्यांतल्या काहींचे तमिळ भाषांतर तिथल्या तमिळ विद्यापीठाने छापले आहे. महाराष्ट्रात हल्ली मोडीचे वर्ग गावोगाव भरतात, परीक्षा होतात, प्रमाणपत्रे मिळतात. ज्यांनी ती मिळवली आहेत त्यांनी एक सुटी तंजावरला काढावी आणि सरस्वती महालात आधी पत्र पाठवून, परवानगी घेऊन जावे. कागद मराठी आहेत, ते वाचायला मराठी माणसांनी पुढे यायला हवे.