राष्ट्रीय फुटबॉल विजेते : एका नामावलीचा अन्वयार्थ

विजेत्यांची नामावली ही केवळ क्रीडाप्रेमींच्या कुतूहलाची वस्तू नव्हे. खेळाला आश्रय कोणी दिला, हे सांगणारे ते एक ऐतिहासिक साधन होय. १९४१ साली सुरू झालेली संतोष करंडक स्पर्धा प्रांतिक संघांची होती. क्लबांची राष्ट्रीय साखळी स्पर्धा भारतात १९९६-९७ मध्ये सुरू झाली, आणि पहिले अजिंक्यपद फगवाड्याच्या जेसीटी या गिरणीच्या संघास मिळाले. राष्ट्रीय फुटबॉल लीगच्या एकूण ११ हंगामांपैकी ६ कलकत्त्याने जिंकले : मोहन बागान ३, ईस्ट बंगाल ३.

२००७-०८ पासून या स्पर्धेस आय-लीग हे नाव मिळाले. परंतु सत्तांतर त्यापूर्वीच घडले होते. २००४-०५ ते २०१२-१३ या ९ हंगामांत ८ अजिंक्यपदे गोव्याकडे गेली : धेंपो ५, चर्चिल ब्रदर्स २, साळगावकर १. अपवाद २००५-०६ चा, मुंबईच्या महिंद्र युनायटेडचा.

यांतील बहुतेक संघ उद्योगसमूहांच्या आश्रयाने वाढले. तथापि हा आश्रय चंचल ठरला. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये व जेसीटी २०११ मध्ये विसर्जित झाले. स्पर्धेच्या नियोजित पुनर्रचनेच्या निषेधार्थ धेंपो व साळगावकर २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. २०२२-२३ पासून सर्वोच्च श्रेणीचा मान २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगकडे गेला. सारांश, अजिंक्यपद संघाच्या सामर्थ्याची साक्ष देते, त्याच्या चिरस्थायित्वाची नव्हे.