बहाव्याखालचा मोत्या

एप्रिल सरता सरता बहावा पिवळाजर्द होतो, पाठोपाठ गुलमोहर पेटतो आणि घराघरातल्या कुत्र्यांचे फुलांसोबतचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. त्यातल्या बऱ्याच फोटोंत फुलं झकास आणि कुत्रा बिचारा असतो. डोळे मिटलेले, जीभ लोंबलेली, नजर भलतीकडेच. कॅमेरा महागातला घेऊन यात फारसा फरक पडत नाही, कारण गडबड आपल्या समजुतींत असते.

भरपूर ऊन म्हणजे चांगला फोटो, ही त्यातली सर्वांत पक्की. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य खरोखरच डोक्यावर येतो. पुण्यात 13 मेच्या आणि मुंबईत 15 मेच्या आसपास भरदुपारी उभ्या काठीची सावलीसुद्धा क्षणभर नाहीशी होते. असं ऊन कुत्र्याच्या पाठीवर आणि कपाळावर भाजून निघाल्यासारखं उमटतं, आणि भुवयांखाली डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग उरतात. उजाडल्यापासून साडेसात-आठपर्यंतचं तिरपं ऊन हवं. उशीर झालाच तर झाडाच्या सावलीत, पण तिच्या कडेला बसवा, तोंड मोकळ्या आभाळाकडे करून. गर्द पानांखाली अगदी मधोमध बसवलेला पांढरा कुत्रा हिरवट दिसतो.

‘बघा, कसा हसतोय!’ हे वाक्य तर प्रत्येक फोटोखाली. पुष्कळदा ते हसू नसतं, धाप असते. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास पंजांच्या गाद्यांपुरताच. अंगातली उष्णता बाहेर टाकायची तर धापाच टाकाव्या लागतात. फरक जवळून पाहिला तर कळतो. खुशीत असलेल्या कुत्र्याचं तोंड सैल उघडं असतं, जीभ लहान आणि मऊ. तापलेल्याची जीभ लांब लोंबते, टोकाशी पसरट होते, तिच्या कडा वर वळतात. ओठांचे कोपरे मागे ताणले जातात. त्यापुढे हिरड्या गडद लाल झाल्या, लाळ चिकट झाली, पाय लटपटले, तर कॅमेरा बाजूला ठेवून कुत्र्याला सावलीत न्या, अंगावर साधं पाणी घाला आणि थेट व्हेटकडे जा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण 38.3 ते 39.2 अंश सेल्सियस. ते 41च्या वर गेलं की जिवावर बेतू शकतं. पग, शिह त्झू यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तर धापही धड टाकता येत नाही. आणि रस्त्यावर बसवण्याआधी हाताची पालथी बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून बघा. आपल्याला सोसवलं नाही तर त्यालाही सोसवणार नाही.

गुलमोहराच्या लाल सड्यात लाल चेंडू टाकून ‘आण, आण’ म्हणणारेही दिसतात. कुत्र्यांना सगळं काळं-पांढरं दिसतं हे खोटं, पण आपल्यासारखं दिसतं हेही खोटंच. 1989 साली जे निट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोनच प्रकारच्या असतात. निळा आणि पिवळा त्याला वेगवेगळे कळतात. लाल मात्र मळकट, हिरव्याशी मिसळून जाणारा. नजर हवी तिकडे वळवायची तर निळा चेंडू घ्या. वाजणारं खेळणं असेल तर ते शेवटी काढा; दोन-तीनदा वाजलं की त्यातली मजा संपते.

काळ्या कुत्र्याला जास्त उजेड द्यावा लागतो, असं फोटो काढणारेही सांगतात. चौकट काळ्या अंगाने भरली की कॅमेरा फसतो, उजेड वाढवतो, काळा राखाडी होतो आणि मागच्या बोगनवेलीचा नुसता गुलाबी थापा उरतो. मोबाइलवर कुत्र्यावर बोट टेकवून उजेड थोडा कमी करा. पांढऱ्याच्या बाबतीत नेमकं उलटं.

फुलांत बसवला की फुलं दिसतात, हेही तितकंसं खरं नाही. (शिवाय बागेतल्या वाफ्यात शिरलात की माळीबुवा येतातच.) कुत्रा फुलांच्या चार-पाच हात पुढे बसवा, स्वतः जमिनीवर पालथे पडा आणि झूम वापरा. मागच्या फुलांचा मऊ रंगपट होतो. मोबाइल थोबाडाशी नेला तर नाक भोपळ्याएवढं येतं.

‘त्याला कळतं काय खायचं’ यावर मात्र अजिबात विसंबू नका. कण्हेरीचं पान, फूल, खोड सगळंच विषारी आणि थेट हृदयावर घाला घालणारं. पिवळ्या कण्हेरीच्या बियाही तशाच. घाणेरीही टाळलेली बरी. सड्यातल्या फुलांत मधमाशी असली आणि कुत्र्याने तिच्यावर झडप घातली, तर तोंड सुजतं.

राहिला पट्टा. तो काढल्याशिवाय फोटो खुलत नाही म्हणून भर रस्त्यालगत कुत्रे मोकळे सोडले जातात. पातळ पट्टा लावून कुणालातरी बाजूला धरायला सांगा, आणि मोबाइल जागचा न हलवता कुत्र्याशिवाय त्याच जागेचा आणखी एक फोटो घ्या. घरी बसून पट्टा पुसून टाकायला पाच मिनिटं पुरतात.