जे साच्यात बसत नाही

दूरच्या संगणकावरचं फंक्शन आपल्याच प्रोग्रॅममधलं असल्यासारखं बोलावता यावं, ही रिमोट प्रोसिजर कॉलची, म्हणजे आरपीसीची, मूळ कल्पना. अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात ती प्रत्यक्षात उतरवली आणि १९८४ साली तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला. पहिली अडचण तेव्हाच समोर आली. पॉइंटर म्हणजे स्मृतीतला पत्ता. तो दुसऱ्या यंत्राकडे पाठवला, तर तिथे त्या पत्त्यावर भलतंच काहीतरी असतं. दोन्ही यंत्रांना एकच सामायिक स्मृती असल्याचा आभास द्यावा का, याचाही विचार त्या दोघांनी केला आणि तो सोडून दिला. त्या दिवसापासून प्रत्येक आरपीसी प्रोटोकॉलला आपल्यापुरती एक यादी करावी लागली आहे: या प्रकारची माहिती आम्ही नेऊ, बाकीची नाही. हा लेख त्या ‘बाकीची’विषयी आहे.

सन मायक्रोसिस्टिम्सच्या एक्सडीआर या १९८७च्या मानकाची यादी विचारपूर्वक केलेली होती. ६४ बिटांचे पूर्णांक तिच्यात होते आणि ‘किंमत असेल किंवा नसेल’ हे सांगण्याचीही सोय होती. अकरा वर्षांनी, १९९८मध्ये, डेव्ह वायनर यांनी मायक्रोसॉफ्टमधल्या मंडळींसोबत एक्सएमएल-आरपीसी रचला. तो इतका सुटसुटीत होता, की कुणीही एका बैठकीत वाचून राबवावा. वेबवर तो झपाट्याने पसरला, पण या सुटसुटीतपणाची किंमत होती. पूर्णांक फक्त ३२ बिटांचा, म्हणजे २१४७४८३६४७च्या पुढे मजल नाही. अनंत नाही. तारखेत टाइमझोन नाही. तो सर्व्हरने आपल्या माहितीपत्रकात सांगावा, असं मानकच म्हणतं. आणि ‘नल’, म्हणजे ‘इथे काहीच नाही’, हेही सांगता येत नाही.

मराठी वाचकाला टोचेल अशी उणीव आणखी वेगळी होती. मूळ मानकात स्ट्रिंगची व्याख्या ‘आस्की’ अक्षरांची होती. एक्सएमएल स्वतः युनिकोडवर उभं असताना त्याच्यावर बांधलेल्या या प्रोटोकॉलच्या कागदावर मात्र देवनागरीला जागा नव्हती. तो एक शब्द २००३ साली व्याख्येतून काढला गेला. तोवर नियम काटेकोर पाळायचा, तर मराठी मजकूर बेस६४मध्ये गुंडाळून, कच्च्या बाइट्सच्या रूपातच पाठवावा लागे.

‘नल’ची उणीव सगळ्यांत जास्त महागात पडते, असं माझं मत आहे. प्रोटोकॉलला ‘काहीच नाही’ नेता येत नाही, म्हणून प्रोग्रॅमर शून्य पाठवतो, रिकामी स्ट्रिंग पाठवतो, नाहीतर उणे एक. पर्जन्यमापकाचं उदाहरण घ्या. आज पाऊस शून्य मिलिमीटर पडला, ही नोंद आहे. आज यंत्र बंद होतं, ही दुसरीच गोष्ट. दोन्हींसाठी शून्य गेलं, की महिन्याची सरासरी बिघडते आणि ती कुठे बिघडली, हे पलीकडच्या कुणालाही शोधता येत नाही.

पायथॉनचं एक्सएमएल-आरपीसी ग्रंथालय इथे योग्य वागतं. ‘नन’, म्हणजे त्या भाषेतला ‘नल’, पाठवायला गेलं, की ते थांबून त्रुटी देतं. दोन्ही बाजूंचं ठरलं असेल तरच ‘अलाऊ नन’ हा पर्याय चालू करून मानकाबाहेरचा ‘निल’ टॅग वापरता येतो. ३२ बिटांत न मावणाऱ्या आकड्यालाही ते नकार देतं. पण टाइमझोन असलेली वेळ दिली, तर हेच ग्रंथालय टाइमझोन मुकाट्याने गाळतं. पुण्यातली संध्याकाळी सहाची वेळ जागतिक प्रमाणवेळ धरून चालणाऱ्या सर्व्हरकडे गेली, की साडेपाच तासांनी सरकते, आणि त्रुटी कुठेच दिसत नाही.

नकार त्रासदायक असतो, पण त्याच क्षणी समोर येतो. गुपचूप केलेला बदल महिन्यांनी उघडकीस येतो, तोवर चुकीची माहिती दहा ठिकाणी पोचलेली असते.

ट्विटरची २०१०मधली गोष्ट याच जातीची. ट्वीटचे क्रमांक तयार करण्यासाठी त्यांनी ‘स्नोफ्लेक’ ही ६४ बिटांची पद्धत आणली. माहिती मजकूररूपात लिहिण्याच्या जेसन या पद्धतीत आकडा कितीही मोठा चालतो. पण ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट तो फ्लोटिंग पॉइंट संख्या म्हणून, म्हणजे ठरावीक अचूकतेच्या द्विमान रूपात, वाचते आणि ९००७१९९२५४७४०९९२च्या पुढे तिला प्रत्येक पूर्णांक वेगळा ओळखता येत नाही. त्याच्या पुढचाच ९००७१९९२५४७४०९९३ हा आकडा दिला, तरी हातात ...९९२ पडतो. म्हणजे मागितलं एक ट्वीट, मिळालं दुसरंच किंवा कुठलंच नाही. उपाय साधा निघाला: ‘आयडी’च्या शेजारी ‘आयडी एसटीआर’ हा रकाना, त्यात तोच क्रमांक स्ट्रिंगच्या रूपात. पुढे गूगलच्या प्रोटोबफ या संदेश-स्वरूपानेही जेसनमध्ये उतरवताना ६४ बिटांचे पूर्णांक स्ट्रिंग म्हणूनच लिहिण्याचा नियम केला.

पैशांचंही तसंच. ०.१ आणि ०.२ची द्विमान बेरीज ०.३०००००००००००००००४ येते, म्हणून रक्कम फ्लोटिंग पॉइंट संख्येत पाठवूच नये. रुपयांऐवजी पैसे मोजून पूर्णांक पाठवावा किंवा गूगलच्या ‘मनी’ प्रकारासारखे दोन पूर्णांक ठेवावेत: एकात पूर्ण रुपये, दुसऱ्यात रुपयाचे अब्जांश. कुठलीही वाट घ्या, पण ती करारात लिहिलेली हवी. ‘१५०’ म्हणजे दीडशे रुपये की दीड रुपया, हे आकड्याकडे बघून कळत नाही.

आणखी एक पेच मधल्या सर्व्हरचा. नव्या आवृत्तीत एक रकाना वाढला, पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला तो ठाऊक आहे, पण मध्ये बसलेला जुना सर्व्हर त्याला ओळखत नाही. त्याने काय करावं? प्रोटोबफच्या तिसऱ्या पिढीने आधी ठरवलं, की अनोळखी रकाने टाकून द्यावेत. त्यामुळे मधल्या टप्प्यावर माहिती गळू लागली. २०१७मध्ये, ३.५ आवृत्तीत, निर्णय फिरवला गेला: समजत नसलं तरी जसंच्या तसं जपून पुढे द्यायचं. मात्र हे फक्त द्विमान रूपात. तोच संदेश मध्ये कुठे जेसनमध्ये उतरवून परत घेतला, तर अनोळखी रकाने आजही गळतात. म्हणून मधल्या सर्व्हरवर संदेश नुसता पुढे सरकवायचा असेल, तर तो जेसनमध्ये उलगडू नये.